व्याह्यांचं पिंप

आमच्या व्याह्यांनी आयुष्यात एकही गोष्ट दुसऱ्या दोन गोष्टींशी ताडून पाहिल्याशिवाय पसंत केली नाही, असं मी म्हटलं तर त्यांना ओळखणारा कोणीही ‘दोनच?’ असं विचारील. चिंचवडच्या एका कारखान्यात, खरेदी खात्यात, त्यांची सगळी नोकरी गेली. तीन कोटेशनं आल्याशिवाय तिथे टाचणीसुद्धा विकत घेता येत नसे. निवृत्त होताना त्यांनी टेबलाच्या किल्ल्या परत केल्या, पण ही सवय तेवढी घरी आणली. छत्री घ्यायची तर तीन दुकानांतल्या छत्र्या उघडून बघायच्या आणि मिटताना दुकानदाराला त्याच्याच छत्रीच्या काड्यांचे गुणदोष समजावून द्यायचे. गुडघा दुखायला लागला तेव्हा तो तीन डॉक्टरांना दाखवला आणि ज्याने सगळ्यात कमी आशा दाखवली त्याचं औषध घेतलं. कारण, त्यांच्या मते, जो पुरवठादार आधीच उशीर होईल म्हणून सांगतो त्याचाच माल वेळेवर येतो. मुलाच्या लग्नाची बोलणी करायला ते आमच्याकडे आले तेव्हा बाकीची दोन कोटेशनं कुठे फिरत असतील या विचाराने माझा जीव खालीवर होत होता. शेवटी धीर करून विचारलं, तर म्हणाले, ‘ती फाइल माझ्या खात्याकडे आलीच नाही. मुलांनी परस्पर ऑर्डर दिली.’ आणि मनापासून हसले. त्या हसण्यावर मी मुलगी दिली असं म्हणायला हरकत नाही. अर्थात तिने मला विचारलं असतं तर.

पण काही झालं तरी व्याही ते व्याही, आणि आम्ही मुलीकडचे. लग्नाला वर्षं उलटली, नात झाली, ती शाळेत जाऊन आमच्या मराठीला इंग्रजीतून उत्तरं द्यायला लागली, तरी मुलीच्या सासऱ्यासमोर माझी पाठ आपोआप ताठ व्हायची आणि आवाज खाली यायचा. भूकंपानंतर ख्राइस्टचर्च पुन्हा बांधायला काढलं तेव्हा जावई इंजिनियर म्हणून इकडे आले. एकुलत्या एका मुलीचे आईबाप म्हणून आम्हा दोघांना इथे कायम राहायची परवानगी मिळाली. व्याह्यांचा थोरला मुलगा चिंचवडला आणि विहीणबाई जाऊन काही वर्षं झालेली. त्यामुळे ते येत ते पाहुणे म्हणून, पाच-सहा महिने राहत, आणि व्हिसा संपत आला की बॅग भरत. म्हणजे घर त्यांच्या मुलाचं आणि कायमचे ठाण मांडून बसलेलो आम्ही. या उलट्या प्रकाराची मला इतकी लाज वाटे की सकाळचा पहिला चहा मी त्यांच्यापुढे दोन्ही हातांनी धरत असे. ते ‘अहो, हे काय’ म्हणत आणि डब्यातली तीन प्रकारची बिस्किटं चाखून एक पसंत करत.

या माणसाला भीती होती ती एकाच गोष्टीची, आणि ती म्हणजे फ्रिज. थंड काही पोटात गेलं की घसा धरतो, घसा धरला की खोकला, खोकला झाला की छाती, असं सगळं वेळापत्रक त्यांच्याकडे तयार होतं. उसाचा रस बिनबर्फाचा, लस्सी तासभर बाहेर ठेवलेली, आइस्क्रीम बशीत पातळ झाल्यावर चमच्याने. आणि असा माणूस येऊन पडला तो अशा देशात, जिथे लोक कडाक्याच्या थंडीत अर्धी चड्डी आणि जँडल म्हणतात त्या रबरी चपला घालून फिरतात आणि जे काही पितात ते बर्फगार. जावयांच्या एका मित्राकडे बार्बेक्यू होता, तिथे कोणीतरी व्याह्यांच्या हातात बिअरची बाटली दिली. बिअरचं त्यांना वावडं नव्हतं. कारखान्याच्या पार्ट्यांत ग्लास हातात धरून उभं राहायची त्यांना सवय होती. पण ती बाटली इतकी गार होती की त्यांनी ती रुमालात गुंडाळली आणि कुंपणापाशी उन्हात नेऊन ठेवली. बऱ्याच वेळाने जाऊन एक घोट घेतला आणि परत येऊन माझ्या कानाशी म्हणाले, गार होती तेव्हा निदान हिची चव तरी कळत नव्हती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आम्ही दोघं फिरायला निघालो असताना दक्षिणेचा वारा सुटला. ख्राइस्टचर्चला दक्षिणेचा वारा येतो तो थेट बर्फावरून आल्यासारखा येतो आणि पाऊस वरून न पडता बाजूने पडतो. मोटारींच्या गॅरेजांच्या रांगेत एक पत्र्याची शेड उघडी दिसली, तिच्यात शिरलो, तर तो निघाला पब. आत उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरचा एक म्हातारा ग्लास पुसत उभा होता. मी घाईघाईने चहा मिळेल का म्हणून विचारलं. व्याह्यांनी डोक्यावरची माकडटोपी काढली, दारात जाऊन पिळली, मग काउंटरशी येऊन आपल्या शांत कारखानी इंग्रजीत विचारलं, तुमच्याकडे थंड नसलेलं काय आहे? म्हाताऱ्याने हातातलं फडकं खाली ठेवलं. या देशात आल्यापासून हा प्रश्न विचारणारं पहिलं गिऱ्हाईक तेच, असं त्याने आम्हाला पुढे अनेकदा सांगितलं. बाकीचे सगळे बिअर गार का नाही म्हणून भांडायला येत.

त्याची विटांची जुनी जागा भूकंपात कोसळली होती. ढिगाऱ्यातून त्याने हट्टाने काढलं काय, तर बिअर ओढायचा लाकडी दांड्याचा हातपंप. पिंपातली बिअर गॅसने वर फेकायची नाही, यंत्रातून गार करून आणायची नाही. मागच्या खोलीत पिंप आडवं ठेवायचं आणि दांडा ओढून ग्लासात उपसायची, ही त्याच्या गावाकडची रीत. तिकडे तिला रिअल एल म्हणतात. व्याह्यांनी त्या पंपाला बघताक्षणी हापसा म्हटलं आणि म्हाताऱ्याला मालक, आणि ही दोन्ही नावं इतकी चपखल बसली की आमच्या घरात दुसरी चाललीच नाहीत. मालकाने समजावून सांगितलं की ही बिअर जिवंत असते, तिच्यातलं यीस्ट पिंपात गेल्यावरही आपलं काम करत राहतं. पिंप उघडलं की दोन दिवस उत्तम, तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत बरी, त्यानंतर आंबते आणि मोरीत ओतावी लागते. व्याही म्हणाले, हे मला सांगायला नको, आमच्याकडे आंबोळीचं पीठ याच स्वभावाचं असतं.

तेव्हापासून दर शुक्रवारी आमची वारी शेडवर. ‘पब’ हा शब्द आमच्या हिला तोंडातून काढवत नसे, म्हणून तिने ‘शेड’ केलं. ‘शेडवर निघालात का?’ असं ती विचारी, जणू आम्ही दोघं तिथे वेल्डिंग करतो. मी आयुष्यभर चहापलीकडे कशाला तोंड लावलेलं नाही. मालकाने माझ्यासाठी कोपऱ्यात किटली ठेवली. व्याह्यांपुढे तीन लहान ग्लास येत. एक हापशातला, आणि दोन फळीवरच्या विलायती बाटल्यांतले. तळाशी गाळ बसलेल्या, आणि अर्थातच फ्रिजचं तोंड न पाहिलेल्या. प्रत्येकात चार घोट. तिन्ही मिळून त्यांच्या पोटात जाई ते एखाद्याच्या पाणी पिण्याइतकंही नसे, आणि उरलेल्या बाटल्या मालक आणि लंडनकडचा एक नेहमीचा म्हातारा मिळून संपवत. आधी वास, मग रंग उजेडाकडे धरून, मग घोट, मग पाण्याची चूळ. मग बिअरच्या एकेका जातीचा निकाल. बिटर म्हणजे मेथीची भाजी, पहिल्या घासाला तोंड वाकडं आणि तिसऱ्याला भाकरी मागायची. माइल्डला भाजणीचा वास. चकलीच्या नव्हे, थालीपिठाच्या. पोर्टर म्हणजे पिठल्याची खरवड, पण कोणीतरी तिच्यावर कोरी कॉफी सांडलेली. हे सगळं ते मालकाला इंग्रजीत सांगत आणि मालक अत्यंत गंभीरपणे मान हलवी. थालीपीठ म्हणजे काय हे त्याला ठाऊक नव्हतं, पण ताडून बघणारा माणूस त्याला बरोबर ओळखता येत होता.

मालकाच्या आणि त्या लंडनवाल्याच्या भांडणातही त्यांना ओढलं गेलं. मालकाचं म्हणणं, बिटरवर दाट सायीसारखा फेस हवा. लंडनवाल्याचं म्हणणं, फेसाला ग्लासातली जागा द्यायची म्हणजे गिऱ्हाइकाला फसवायचं. उत्तर इंग्लंड आणि दक्षिण इंग्लंड यांच्यात हे म्हणे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. व्याह्यांनी दोन्ही पक्षांचं ऐकून घेतलं, दोन्ही तऱ्हांनी ओतून घेतलं, चूळ भरली, पुन्हा घेतलं, आणि सांगितलं की फेस असला की कडूपणा मऊ लागतो, नसला की खरा लागतो; तेव्हा पाहुण्याला फेसाची द्यावी आणि आपण बिनफेसाची प्यावी. दोघा इंग्रजांनी आपापले ग्लास बदलून पाहिले. घरी आलो की नात त्यांच्या मांडीवर चढून त्यांची मिशी हुंगायची आणि म्हणायची, ‘आबा, यू स्मेल लाइक टोस्ट.’ तेवढ्यावरून ते ओळखत की आज माइल्डचा नंबर वर लागला.

खरं सांगायचं तर या देशात म्हाताऱ्या आईबापांना सगळं मिळतं. ऊब मिळते, स्वच्छ हवा मिळते, लायब्ररीत मराठी पुस्तकंसुद्धा मिळतात. फक्त त्यांच्यावाचून कोणाचं काही अडत नाही. व्याही भांडी डिशवॉशरमध्ये लावायचे आणि माझीच मुलगी मागाहून येऊन ती गुपचूप काढून परत लावायची. बागेतलं गवत कापायला माणूस येई. नातीला शाळेत सोडायला मुलांना चालत नेणाऱ्या बायकांचा गट होता. अशा माणसाला एक पिंप सापडलं होतं, जे चार दिवसांत संपवावं लागे आणि संपवायला माणसं कमी पडत होती. त्या हिवाळ्यात मालकाला दोनदा उरलेली बिअर ओतून द्यावी लागली. तो म्हणाला, आणखी एकदा असं झालं की मी हापसा उतरवणार आणि सगळ्यांसारखी गार बिअरची तोटी बसवणार. तो तक्रार म्हणून म्हणाला नाही, सहज म्हणाला. पण व्याह्यांच्या चेहऱ्यावर मी तीस वर्षांपूर्वीचा खरेदी अधिकारी उभा राहिलेला पाहिला.

त्यांनी शहर बांधायला आलेली आपली मराठी पोरं गाठायला सुरुवात केली. मराठी मंडळाच्या पॉटलक जेवणात पुलावाच्या रांगेत, देवळात, सुपरमार्केटात कोथिंबिरीच्या जुड्यांपाशी, जिथे सापडेल तिथे. पोरं आधी घाबरली, कारण वडिलांच्या वयाचा माणूस बिअर प्यायला बोलावतो हे त्यांना नवीन होतं. पण एकेक करून यायला लागली, गार नाही म्हणून कुरकुरत, आणि मग व्याह्यांचं ऐकत ऐकत शांतपणे पीत. पिंप वेळेवर संपू लागलं. शुक्रवार जवळ आला की व्याही सकाळीच दाढी करून बसत.

त्या वर्षी अधिक महिना आला होता. सगळे सणवार पुढे ढकलले गेलेले. ऑगस्टच्या मध्यावर, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, एका शुक्रवारी आम्ही शेडवर पोचलो तर आत पाय ठेवायला जागा नाही. नेहमीची पोरं होतीच, त्यांचे मित्र होते, मित्रांचे फ्लॅटमेट होते, जे दीड-दोन महिने ‘येतो काका, नक्की येतो’ म्हणून टोलवत होते तेही आले होते. सगळे अशा निष्ठेने पीत होते की लंडनवाल्याला बसायला खुर्ची उरली नाही. लहान पिंप अंधार पडायच्या आत उताणं पडलं. मालकाचे डोळे भरून आले होते. तो व्याह्यांना म्हणाला, हे असंच चालणार असेल तर पुढच्या आठवड्यापासून मी दुपटीचं मोठं पिंप मागवतो. पण त्यातलं अर्धं मोरीत गेलं तर मग माझं संपलं. व्याह्यांनी काउंटरवर हात ठेवला. ‘मागवा,’ ते म्हणाले. ‘संपवायची जबाबदारी माझी.’

परत येताना ते शीळ घालत होते. संध्याकाळचे सातच वाजले होते, पण गवतावर हिव पडायला लागलं होतं आणि आमच्या तोंडातून वाफा निघत होत्या. मी आपलं सहज म्हणालो, आज गर्दी व्हायचीच, आज गटारी ना. व्याही थांबले. हातात लोकरीचे मोजे, नाकाला पाणी, फुटपाथवर पानगळ झालेली झाडं. अशात उद्यापासून श्रावण लागतो हे कोणाच्या डोक्यात येईल? विहीणबाई असत्या तर श्रावणाची आठवण घरात आपोआप राहिली असती. आमच्या हिने मात्र दुपारीच कांदे संपवून टाकले होते. व्याही दिव्याच्या खांबाखाली उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, ‘म्हणजे मी गटारीची मागणी धरून वर्षाची ऑर्डर दिली.’

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेकाला फोन लावला. कोणी म्हणालं, काका, श्रावण आहे ना. कोणी म्हणालं, मी मानत नाही हो, पण आई रोज व्हिडिओ कॉलवर विचारते आणि मला खोटं बोलता येत नाही. एकाने सोमवार सोडून बाकीचे दिवस जमवता येतील का याची घरात चाचपणी केली आणि त्याच्या बायकोने फोन आपल्या हातात घेऊन काकांना नमस्कार सांगितला. सगळ्यात आशावादी पोरगा म्हणाला, ‘काका, नेक्स्ट मंथ पक्का. स्वीट अ‍ॅज.’ शेवटचे दोन शब्द म्हणजे इकडचं ‘एकदम झकास’. मी सुचवलं की मालकाला सगळं सांगून मोकळं व्हावं. व्याही म्हणाले, शब्द देताना मी त्याला पंचांग दाखवलं नव्हतं. शुक्रवारी गेलो तेव्हा मागच्या खोलीत मोठं पिंप उघडून तयार होतं आणि शेडमध्ये आम्ही दोघं, लंडनवाला आणि आणखी एक-दोन जण. त्या दिवशी व्याह्यांनी तिन्ही ग्लास हापशातूनच घेतले. मालक काउंटर पुन्हा पुन्हा पुसत राहिला, आणि ते मला फार लागलं.

शनिवारी सकाळी व्याही कोट-टाय घालून स्वयंपाकघरात आले. त्यांनी वाटीत तांदूळ घेतले, हिच्याकडून कुंकू मागून घेतलं, अक्षता केल्या आणि वाटी माझ्या हातात दिली. म्हणाले, चला, आमंत्रणं करायची आहेत. माझी मुलगी म्हणाली, ‘बाबा, मी नेबरहूडच्या पेजवर टाकते ना. हीप्स ऑफ लोक बघतात.’ ते म्हणाले, ‘बघतात. बोलावणं घरी जाऊन करायचं असतं.’ मुलीच्या बापाने व्याह्यांच्या मागून अक्षतांची वाटी घेऊन चालण्यात नवीन काही नाही, पण ख्राइस्टचर्चच्या थंडीत, अनोळखी दारांवर, एका बिअरच्या पिंपासाठी असं चालणारा मी बहुधा एकटाच. पुढच्या घरातल्या स्कॉटिश आजी, ट्रक चालवून निवृत्त झालेले आणि ‘किया ओरा’ म्हणत दार सताड उघडणारे माओरी आजोबा, शहर बांधायला आलेले दोन आयरिश सुतार, आख्खी गल्ली झाली, मागची गल्ली झाली. व्याही प्रत्येकाच्या हातावर तांदूळ ठेवत आणि सांगत की आमच्याकडे हे हातात घेतले की यावंच लागतं. उद्या दुपारी एक वाजता, शेडवर, घरातल्या सगळ्यांनी. तिसऱ्या की चौथ्या दारात भरात येऊन ते ‘जेवूनच जायचं’ असंही म्हणून गेले, आणि मग मागच्या तीन घरांवर अन्याय नको म्हणून परत जाऊन त्यांनाही तसं सांगून आले. घरी आल्यावर हे हिला कळलं. ‘पिंप त्यांचं आणि वडे माझे,’ असं ती फक्त मला ऐकू जाईल इतपत म्हणाली आणि बटाटे उकडायला लावले. वडे अर्थात श्रावणातले, कांदा-लसणाशिवाय.

कोणी येईल असं मला वाटत नव्हतं. रविवारी एक वाजायच्या आत स्कॉटिश आजी आल्या, लिपस्टिक लावून, हातरुमालात कालचे तांदूळ बांधून. त्यांना वाटलं ते दारात दाखवावे लागतात. मी त्यांना खुर्ची दिली तेव्हा त्या म्हणाल्या, ‘भूकंपाच्या दिवसांत सगळे एकमेकांची दारं वाजवायचे, जिवंत आहात ना म्हणून बघायला. मग घरं दुरुस्त झाली आणि वाजवणं थांबलं. काल तुम्ही वाजवलंत तेव्हा मला वाटलं, पुन्हा काही झालं की काय.’ मी त्यांच्या बशीत आणखी एक वडा ठेवला. माओरी आजोबा मुला-सुना-नातवंडांसह आले, सुतार आणखी सुतार घेऊन आले, आणि आमची मराठी पोरंसुद्धा आली. श्रावणामुळे प्यायची नाही, पण वाढायला काय हरकत आहे, असं म्हणून त्यांनी बाह्या सरसावल्या. व्याह्यांनी हातात जग घेऊन पंगतीत फिरायला सुरुवात केली तेव्हा मात्र मालक धावत आला. या देशात पिण्याचा आग्रह करणं कायद्यात बसत नाही. ज्याला हवी त्याने मागून घ्यायची. मग दोघांनी वाटणी केली. हापशावर मालक, मागणाऱ्याला मागेल तेवढी. आणि आग्रह सगळा वड्यांचा. ‘एक तरी, माझ्यासाठी’ म्हणत व्याही फिरत होते आणि त्या वड्यांतली हिरवी मिरची आपलं काम चोख करत होती. जो तो परत काउंटरशी जात होता, आणि जाताना शेजारच्याशी ओळख करून घेत होता.

दुपार कलली तसा हापसा खरखरला. मालकाने दांडा पुन्हा ओढला, आतून नुसती हवा आली. शेडमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हा मालकाच्या लक्षात आलं की ज्याने हे सगळं केलं त्याच्या हातात सकाळपासून ग्लासच नाही. यजमानाने शेवटी जेवायचं, ही आमची रीत, आणि शेवटी काही उरलंच नव्हतं. मालकाने पिंप तिरकं करून एक गढूळ घोट काढला आणि दोन्ही हातांनी व्याह्यांपुढे धरला. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला, वास घेतला, आणि न पिताच खाली ठेवला. ‘पोचली सगळ्यांना,’ ते म्हणाले. मग खुर्चीवर बसले आणि टाय सैल केला. मालकाने पुन्हा लहान पिंप मागवायला सुरुवात केली, पण हापसा जागेवर राहिला, आणि शेजारची माणसं पुढेही येत राहिली.

ऑक्टोबरात त्यांचा व्हिसा संपला. शेवटच्या शुक्रवारी त्यांनी माझ्या देखत मालकाला सांगितलं की माझ्या जागी आता हे येतील. मला विचारलं नव्हतं. मालकाने माझी किटली उचलून फळीवर ठेवली; म्हणजे माझा चहा संपला. विमानतळावर मी म्हणालो, अहो, मला त्यातलं काही कळत नाही. ते म्हणाले, तीन घ्या. एकीचं काही कळत नाही, तीन समोर ठेवल्या की आपण होऊन बोलायला लागतात.

ते परत आले नाहीत. पुढच्या वर्षी यायचं ठरत होतं, तोवर छातीचं दुखणं निघालं आणि डॉक्टरांनी लांबचा विमानप्रवास बंद केला. मी विचारलं, दुसऱ्या दोघांना दाखवलं का? ते म्हणाले, नाही. तेव्हा मी काय ते समजलो. मी मात्र दर शुक्रवारी शेडवर जात राहिलो. आमच्या संध्याकाळी तिकडे सकाळ असते. ते अंघोळ करून फोनपाशी बसलेले असत. ‘कशी आहे?’ हा पहिला प्रश्न. मी म्हणायचो, बरी आहे. ते म्हणायचे, बरी म्हणजे काय, असा शेरा आमच्या खात्यात चालत नसे. मग मी धडपडायचो. तपकिरी आहे, कडू आहे, औषधासारखी आहे. ते नेटाने एकेक विचारून घ्यायचे, कडू म्हणजे मेथी की कारलं, कारलं असेल तर पिळलेलं की तसंच. वर्षंच्या वर्षं मी त्यांना तोंडाला येईल ते सांगत होतो आणि ते चिंचवडला बसून माझ्या गबाळ्या उत्तरांतून आपली बिअर जमवत होते. मला ती आवडत नसे. आजही फारशी आवडत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका शुक्रवारी मी हापशातला पहिला घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. ठेवलेल्या ताकाला दुसऱ्या दिवशी वास येतो तसा काहीतरी. दुसरी घेतली, तिसरी घेतली, परत पहिलीकडे आलो, तेच. आजूबाजूची माणसं निवांत पीत होती. मी मालकाला हळूच सांगितलं. त्याने ग्लासातून थोडी चाखली, माझ्याकडे बघितलं, आणि हापशावरची पाटी उलटी फिरवून पिंप बंद केलं. मी अंगणात येऊन फोन लावला.

‘आज आंबली आहे,’ मी म्हणालो.

‘मालक म्हणाला?’

‘नाही. त्याला मीच सांगितलं.’

मग ते म्हणाले, ‘छान झालं. म्हणजे आता माझ्यावाचून अडत नाही.’

‘अडतं हो,’ मी म्हणालो. त्या माणसाची मला इतकी आठवण येत होती की मी भर थंडीत, हातमोजा काढून, तो फोन नुसता कानाशी धरून उभा होतो. त्यांनीही ठेवला नाही. शेवटी त्यांनी पुढच्या शुक्रवारी कोणती येणार आहे ते विचारलं. मी आत जाऊन मालकाला विचारून आलो आणि पोर्टर म्हणून सांगितलं.